मलिदा, केळं आणि दोन काकांचं भांडण (बेने इस्रायली सणांचं जेवण)

रेवसची_लाँच

मंडळी, आधीच सांगते, ज्या मलिद्यावरून लोक निलंबित होतात तो मलिदा वेगळा, हा खरा, ताटात घेऊन खायचा.

माझं बालपण अलिबागचं. शाळेत जाताना इस्रायल आळीतून जावं लागायचं, तिथल्या एका मावशींकडून वर्षातून एक-दोनदा घरी वाटी यायची: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर बदामाचे काप आणि केळ्याच्या चकत्या. आई म्हणायची त्यांच्याकडचा प्रसाद आहे, आम्ही खायचो, विषय संपला. ते ज्यू आहेत म्हणजे नक्की काय हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, तोवर माझ्या डोक्यात ते "शनिवारवाले" होते, कारण शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटायची नाही.

आता मुद्दा. मी सध्या पुण्यात. आमच्या सोसायटीत एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, कुटुंब आहे, मुलाचं लग्न ठरलं म्हणून त्यांनी मेंदीच्या दिवशी मलिदा ठेवला आणि आम्हालाही बोलावलं. मोठ्या थाळ्यात मधोमध पोह्यांचा डोंगर, कडेने खजूर, सफरचंद, संत्रं, चिकू, केळी, शेजारी गुलाबाची फुलं आणि सब्ज्याच्या काड्या. सगळ्यांनी एलियाहू हानाबीचं, म्हणजे एलियाहू नावाच्या प्रेषिताचं, पद म्हटलं, मस्त चालीवर. मग एकेक वस्तू उचलून हिब्रूत काहीतरी म्हणायचं आणि ती वाटायची असं सुरू झालं. खजूर झाला, सफरचंद झालं, आणि केळ्यापाशी गाडी अडली. एक काका म्हणाले हे पण झाडाचंच, झालं त्यातच. दुसरे काका म्हणाले नाही, केळ्याचं वेगळं म्हणायचं. दोघेही सत्तरीचे, दोघेही हट्टी, आणि आम्ही वीस-पंचवीस माणसं हातात अर्धा खजूर धरून बसलेलो. शेवटी नवरदेवाच्या आजींनी डोळे वटारले आणि केळ्यावर वेगळं म्हटलं गेलं.

तर प्रश्न असे की केळ्याचं नेमकं काय, एका थाळ्यावर इतके आशीर्वाद का, आणि त्या घरी खाल्लेला एक गुलाबी चिकाचा हलवा, त्याची कृती कोणाकडे आहे का? त्या काकूंना विचारली तर म्हणाल्या अंदाजाने करते गं. हे उत्तर ऐकून ऐकून मी म्हातारी होणार.

तिखटमीठ

धागा आवडला. मलिदा अलिबागजवळ खंडाळ्याला करतात ना? आम्ही ट्रेकला गेलो होतो तेव्हा असं काही दिसलं नाही.

रेवसची_लाँच

अहो ते घाटातलं खंडाळा, हे अलिबागजवळचं खंडाळे, पेण रस्त्याला. तिथे खडकावर खुणा आहेत, एलियाहू नबी रथातून आला आणि आकाशात गेला त्याच्या त्या खुणा अशी श्रद्धा आहे. एलियाहू हानाबीचा टापा म्हणतात त्या जागेला. तू बिश्वातला, म्हणजे झाडांच्या नववर्षाला, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास तिथे गर्दी होते, आणि एरवीही नवस फेडायला लोक येतात.

अश्दोदची_आत्या

रेवस, तुझं लिहिलेलं वाचून हसू आवरेना, कारण केळ्याचं भांडण आमच्या घरातही झालेलं आहे, आणि इथे इस्रायलमध्येही होतं. माझं माहेर पनवेलचं, १९७१ ला इकडे आले, मराठी अजून शाबूत आहे पण टाइप करताना चुका होतील, सांभाळून घ्या. प्रार्थनेत देवाचं नाव येतं ते मी इथे लिहिणार नाही, आम्ही बोलताना "हाशेम" म्हणतो, म्हणजे नुसतं "ते नाव".

केळ्याचं असं आहे. आमच्यात प्रत्येक खाण्याआधी बराखा, म्हणजे तो आशीर्वाद, म्हणायची, आणि ती वस्तू कुठून आली त्यावर बराखा ठरते. झाडावरचं फळ असेल तर "बोरे पेरी हाएत्स", झाडाचं फळ निर्माण करणारा. जमिनीतून आलेलं असेल तर "बोरे पेरी हाअदामा", भूमीचं फळ निर्माण करणारा. आता झाड कशाला म्हणायचं? ज्याचं खोड वर्षानुवर्षं टिकतं आणि त्याच खोडाला परत फळ येतं ते झाड. केळीचं काय होतं हे कोकणातल्या माणसाला मी सांगायला नको. एक घड देते आणि ती केळ संपते, तोडून टाकायची, बाजूचं पिल्लू वाढतं. म्हणजे केळ हे झाड नाही, म्हणून केळ्याला हाअदामा. अननसाचंही तसंच. आंबा, चिकू, नारळ हे हाएत्स. तेव्हा दुसरे काका बरोबर आणि आजी त्याहून बरोबर.

इतके आशीर्वाद का, तर पोळी नाही म्हणून! नेहमीच्या जेवणात आधी हात धुवायचे, मग पोळी किंवा पाव हातात घेऊन "हामोत्सी लेहेम मिन हाआरेत्स", जमिनीतून भाकर काढणारा, असं म्हणायचं, मीठ लावून तुकडा खायचा, आणि त्या एका बराख्यात ताटातलं सगळं जेवण आलं, भाजी, भात, मटण सगळं. मलिद्याच्या थाळ्यात पोळी नसते, त्यामुळे प्रत्येकाला आपापली बराखा घ्यावी लागते, कोणाच्या मागे लपता येत नाही.

ठाणेकर_शनिवार_तेली

आत्याला दंडवत. मीही त्यातलाच, आयडीवरून कळलं असेल. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकऱ्यांनी ठेवलेलं नाव शनिवार तेली. आडनावंही सगळी गावावरून, पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, त्यामुळे ऑफिसात दहा वर्षं शेजारी बसलेल्या माणसाला पत्ता नसतो.)

थोडी भर घालतो. क्रमही ठरलेला आहे. आधी मेझोनोत म्हणजे धान्याचं, मग गेफेन म्हणजे द्राक्षरसाचं, मग एत्स, मग अदामा आणि शेवटी शेहाकोल म्हणजे बाकी सगळं, "ज्याच्या शब्दाने सर्व काही झालं". पोहे तांदळाचे आणि तांदळाला मेझोनोत म्हणतात, म्हणजे नियमाने पोहे पहिले यायला हवेत. पण आमच्या घरी आजोबा खजुरापासून सुरू करायचे, पोहे नंतर. मी शहाणपणा करून एकदा पुस्तकातला क्रम दाखवला तर म्हणाले, पुस्तक लिहिणाऱ्याने मलिदा खाल्लाय का? यावर काय बोलणार. आमच्या थाळ्यात उकडलेली कलेजीही असायची, तिला शेहाकोल, आणि शेवटी फुलांचा वास घ्यायचा, त्याचीही वेगळी बराखा. नुसता वास घ्यायचा तरी परवानगी मागायची.

आगाऊ_बोका

एक शंका, राग मानू नका. हे सगळं सत्यनारायणाच्या प्रसादासारखंच झालं की. नवस, थाळा, पोहे-गूळ-खोबरं, आरतीसारखं पद, मग प्रसाद वाटणं. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं बघून घेतलं असणार. आणि मलिदा हा शब्द तर दर्ग्यात पण असतो.

ठाणेकर_शनिवार_तेली

राग कशाला. शब्द फारसी आहे, चोळणं-मळणं या अर्थाचा. दर्ग्यात पोळी कुस्करून तूप-साखर घालून करतात तो मलिदा, आमच्यात पोह्यांचा. कोकणात गव्हापेक्षा तांदूळ जवळचा, तेव्हा पोहे आले यात नवल ते काय. जिन्नस शेजारचेच असणार, अलिबागला राहून ऑलिव्ह कुठून आणायचे? पण थाळ्यावर जे म्हटलं जातं ते बघा. त्यात प्रसाद दाखवणं नाही. देवाला काही द्यायचं नाही, उलट आहे. आमच्यात असं मानतात की सगळं त्याचंच आहे, बराखा न म्हणता खाल्लं तर चोरी केल्यासारखं. म्हणजे आधी विचारायचं, मग खायचं. तुमची चित्राहुती असते ना, पानाभोवती पाणी फिरवून बाजूला शितं काढून ठेवायची, तसं बाजूला काढणं आमच्यात मलिद्याला नाही. सगळं पोटात.

आगाऊ_बोका

हे पटलं. प्रसाद नाही, परवानगी. मग वडापावचं काय? सिरियसली विचारतोय.

अश्दोदची_आत्या

अरे बोक्या, वडापावला पाव आहे म्हणजे हात धुऊन हामोत्सी, आणि पावाचं जेवण झालं की नंतर पूर्ण बिरकत हामाझोन, तेवढ्यात तुझी लोकल सुटेल. कांदेपोहे मेझोनोत. तांदळाची भाकरी पण मेझोनोत, ती दिसते भाकरीसारखी पण हामोत्सी फक्त पाच धान्यांच्या भाकरीला, गहू, बार्ली, ओट वगैरे, तांदूळ त्यात नाही. मटकीची उसळ हाअदामा. उसाचा रस, चहा, मासे, अंडं, सगळं शेहाकोल.

बिरकत हामाझोन जेवणानंतरची. लोक जेवणाआधीचं विचारतात, पण तोरामध्ये, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, आज्ञा आहे ती नंतरची, जेवून तृप्त झालास की आभार मान. पोट भरल्यावर माणूस विसरतो ना, म्हणून. माझे वडील ती मोठ्याने म्हणायचे आणि आम्ही भावंडं टेबलाखाली एकमेकांना लाथा मारायचो.

कोळीवाड्याचा_बाळ्या

मी कोळी, माझा प्रश्न फक्त माशांचा. कोलंबी चालत नाही असं ऐकलं. कोकणात राहून कोलंबी नाय???

ठाणेकर_शनिवार_तेली

नाय रे बाबा. कोलंबी नाही, चिंबोरी नाही, तिसऱ्या नाहीत, मुशी नाही, शिंगाळा नाही. पर आणि खवले दोन्ही पाहिजेत. सुरमई, बांगडा, रावस, पापलेट यावर जगतो, वाईट चाललेलं नाही.

आणि आमची ओळखच त्यावरून पटली अशी कथा आहे. दाविद रहाबी नावाचा एक ज्यू कोकणात आला, त्याला इथले लोक शनिवार पाळताना, मुलांची सुंता करताना दिसले पण हिब्रू कोणाला येईना, येत होतं ते फक्त शेमा. शेमा म्हणजे "हे इस्रायला, ऐक", देव एकच आहे हे सांगणारी प्रार्थना, जन्म-लग्न-मरण सगळीकडे तीच. तर त्याने परीक्षा म्हणून बायकांकडे निरनिराळे मासे रांधायला दिले. बायकांनी पर-खवल्यांचे वेगळे काढले आणि बाकीचे आम्ही खात नाही म्हणून परत केले. मग त्याची खात्री पटली. म्हणजे आमच्याकडे ना पोथी होती ना पुजारी, धर्म राहिला तो मासळीच्या टोपलीत.

कोळीवाड्याचा_बाळ्या

ही गोष्ट माझ्या आयेला सांगतो, ती म्हणेल आमच्याकडूनच घेतले असतील ते मासे.

मनुका_नाही_मनू

मी बेने इस्रायली नाही पण नवऱ्याकडून सून आहे, लव्ह मॅरेज, त्यामुळे सगळं चाळिशीच्या आत शिकले. मला सगळ्यात आवडतो शुक्रवार संध्याकाळचा मनुकांचा शरबत. किद्दूश, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाच्या सुरुवातीची प्याल्यावरची प्रार्थना, म्हणायचा म्हणजे वाइन पाहिजे, आणि कोशर, म्हणजे धर्माच्या नियमात बसणारी, वाइन इथे कुठली मिळायला, पूर्वी तर नाहीच. म्हणून काळ्या मनुका धुऊन रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी हाताने कुस्करून पिळायच्या, गाळायच्या. सासूबाई सांगायच्या की मनुका पिळल्यावर आतून रस सुटला पाहिजे, नुसतं रंगीत पाणी झालं तर त्यावर द्राक्षाची बराखा म्हणता येत नाही, मग तो शरबतच, किद्दूशचा प्याला नाही. म्हणून मनुका मोजून नाही, मूठभर जास्तच. पहिल्या वर्षी मी मिक्सरला फिरवल्या होत्या, बिया भरडल्या जाऊन कडूजहर, सगळ्यांनी निमूट प्यायला, कोणी काही बोललं नाही, दीर तेवढा म्हणाला की हा पेसाहचा (इजिप्तमधून सुटकेचा सण) कडू पाला आधीच आला वाटतं.

किद्दूशनंतर हातबोशी असते, ती मला खूप गोड वाटते. दोन्ही हातांनी समोरच्याचा हात घ्यायचा, सोडून आपली बोटं ओठांना लावायची, मग पुढच्याकडे. घरभर फिरते ती. लहान मुलं दोनदोनदा रांगेत येतात.

तिखटमीठ

सणांची मराठी नावं आहेत असं कुठेतरी वाचलं होतं, कोणी सांगेल का?

अश्दोदची_आत्या

सांगते, पण ही माझ्या आजीच्या तोंडची नावं, आता आमची नातवंडं हिब्रू नावंच घेतात.

रोश हाशाना, आमचं नववर्ष, म्हणजे नव्याचा सण. त्यानंतर तीन-चार दिवसांनी खिरीचा सण, नव्या धान्याची खीर नारळाच्या दुधात करायची, धूप जाळायचा, शेमा म्हणायचा आणि खायची. मग योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस, तो दार फळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून आत बसायचं, पांढरे कपडे, अन्न नाही पाणी नाही, आदल्या सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्रीपर्यंत जवळजवळ पंचवीस तास. दुसऱ्या दिवशी शिळा सण, आदल्या तयारीचं खायचं, गरिबांना द्यायचं, घरोघरी भेटायला जायचं. पुरीम म्हणजे होळीचा सण, आदार महिन्याच्या चौदाव्या तिथीला, म्हणजे पौर्णिमेच्या आसपास, शेजारी होळी पेटलेली आणि आमच्याकडे एस्तेर राणीची गोष्ट, पुरणपोळी दोन्हीकडे. पेसाह तो अनाशी ढाकायचा सण, आंबट पातळ भरून ठेवलेलं मडकं झाकून ठेवायचं म्हणून, खमीर घरात दिसायला नको ना.

आणि माझा लाडका बिरड्याचा सण. तिशा बआव, यरुशलेमचं मंदिर पडलं त्याचा शोक. आव महिन्याचे पहिले नऊ दिवस मटण बंद, नवव्याला कडक उपास, आणि तो सोडायचा बिरड्यावर, मोड आलेले सोललेले वाल, नारळाच्या रसात. इतर ठिकाणचे ज्यू शोकात मसूर खातात, मसुरीला तोंड नसतं तसं शोक करणाऱ्याला बोलायला तोंड नसतं म्हणतात. आमच्या बायांनी वाल निवडले. पाऊस धो-धो, बाजारात भाजी नाही आणि कोकणातल्या प्रत्येक घरात डब्यात वाल. आई आदल्या दिवशी पाटावर बसून वाल सोलायची आणि आम्हाला सोलायला बसवायची, साल उडवायची शर्यत. शोकाचा दिवस आणि आम्ही हसतोय, मग ओरडा खायचा.

हनुका मात्र आजीच्या यादीत नव्हता. आमच्या जुन्या सणांत तो नाहीच. काही जण म्हणतात हे याचंच लक्षण की हनुका ज्यांच्या विजयाचा सण, त्या मक्काबींच्या आधीच आपले लोक तिकडून निघाले.

पुस्तकी_किडा

पेसाहवरून आठवलं. पेसाहच्या रात्री वाचायची हग्गादा मराठीत छापलेली आहे, मुंबईची १८४६ ची आणि पुण्याची १८७४ ची, एका बाजूला हिब्रू एका बाजूला मराठी. पुण्याच्या प्रतीत एक चित्र आहे ज्यात नऊवारी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मात्झा, म्हणजे पेसाहची बिनखमिराची पोळी, करतायत, कोणी मळतंय, कोणी लाटतंय, कोणी भाजतंय. इजिप्तमधून सुटकेची गोष्ट आणि चित्रात आपली पोळपाट-लाटण्याची पंगत. मी ते चित्र बघून अर्धा तास स्क्रीनसमोर बसलो होतो.

ठाणेकर_शनिवार_तेली

ते चित्र आमच्याकडे फ्रेम करून लावलंय!

मात्झाला घड्याळ लावून काम. पाणी पिठात पडल्यापासून अठरा मिनिटांत भाजून झाली पाहिजे, नाहीतर आंबायला लागली असं धरतात. मीठ नाही, तेल नाही. आजी मळायची, काकू लाटायची, आई काट्याने टोचायची आणि मी घड्याळ धरून ओरडायचो. सोळा मिनिटं झाली की सगळ्यांना कापरं. त्याआधी घर चुन्याने रंगवायचं आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई. कल्हईवाला आळीत बसायचा, नवसागराचा तो वास आला की आम्हाला पेसाह आला असं वाटायचं, बाकीच्या मुलांना दिवाळी म्हणजे उटण्याचा वास तसं. आता स्टील आहे, कल्हईवाला नाही, आम्ही उकळत्या पाण्यात बुडवून काढतो, त्याला वास नाही काही नाही.

भात चालतो आमच्यात पेसाहला. युरोपातल्या ज्यूंना नाही चालत, त्यांचे हाल ऐकून मला वाईट वाटतं. पण तांदूळ तीनदा निवडायचे, गव्हाचा दाणा चुकून नको. आणि इजिप्तच्या गुलामीतल्या चुन्या-विटांच्या आठवणीचं हारोसेत ते आमच्याकडे खजुराचं, खजूर भिजवून उकळून गाळून आटवायचा काकवीसारखा. मात्झा त्यात बुडवून खाऊन बघा, नंतर आठ दिवस पाव आठवत नाही. चौथ्या दिवशी आठवतो, खोटं कशाला बोला.

आगाऊ_बोका

रोश हाशानाला सफरचंद आणि मध एवढंच मला इंटरनेटवरून माहीत.

अश्दोदची_आत्या

ते युरोपवाल्यांचं, आता सगळ्यांचं झालंय. इथे माझी सून मूळची बगदादी घरातली, तिच्याकडे थाळी मांडतात आणि प्रत्येक वस्तूवर कोटी! खजूर म्हणजे तामार, त्यावरून शत्रू "यितामू", संपोत. बीट म्हणजे सेलेक, त्यावरून विरोधक "यिस्ताल्कू", चालते होवोत. भोपळा कारा, त्यावरून आमची पुण्यं "यिकारू", वाचली जावोत. तुम्ही मराठी माणसं कोट्या करण्यात हुशार, तुम्हाला ही थाळी आवडेल. आणि नव्या हंगामाचं फळ खायचं असेल तर शेहेहेयानू म्हणायचं, या दिवसापर्यंत जिवंत ठेवलंस म्हणून. माझी आई पनवेलला पहिला हापूस कापताना ते म्हणायची. इथे आंबे मिळतात पण मी पहिल्या फोडीला ते म्हणताना अजून पनवेलचाच हापूस आठवते, हाशेम माफ करो.

पण आमच्या घरी नव्याच्या सणाला चिकाचा हलवाच. रेवस, घे तुझी कृती. माझ्या आईचं प्रमाण, अंदाज नाही.

गहू एक किलो तीन दिवस भिजत, रोज पाणी बदल, नाहीतर वास मारेल. चौथ्या दिवशी वाटून कपड्यातून पिळून चीक काढ, कुरडयांना काढतेस तसाच. रात्रभर राहू दे, वरचं पाणी अलगद ओतून टाक, खाली घट्ट पांढरा चीक उरेल. तो मोजायचा. एक वाटी चिकाला चार वाट्या नारळाचं दूध, पहिलं-दुसरं मिळून, आणि दोन वाट्या साखर, चिमूट मीठ, लाल रंगाचे दोन थेंब. सगळं थंडच एकत्र करून गाठी मोडायच्या आणि मगच जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर. मग ढवळायचं. ढवळायचं म्हणजे ढवळतच राहायचं, दोन-अडीच तास. आमच्याकडे पुरुषांना बोलवायचे, हात भरून येतात. घट्ट होऊन गोळा पातेलं सोडायला लागला आणि कडेने नारळाचं तेल सुटलं की वेलची-जायफळ घालून थाळीत ओतायचा, वर बदाम-पिस्त्याचे काप दाबायचे, गार झाल्यावर वड्या.

तुपाचा थेंब नाही, दूध नाही. का, तर त्या दिवशी जेवणात मटण असतं आणि मटणासोबत किंवा मागून दुधाचं चालत नाही. आमचं मटणही दह्यात मुरवत नाहीत, नारळाच्या दुधात शिजवतात. नारळ नसता तर आम्ही गोड काय खाल्लं असतं कोणास ठाऊक.

मनुका_नाही_मनू

मी शॉर्टकटवाली, कॉर्नफ्लोअर आणि चायना ग्रास. सासूबाई "छान झालाय" म्हणतात आणि दुसरी वडी घेत नाहीत.

रेवसची_लाँच

रिपोर्ट द्यायला आले. गहू भिजवले, तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला घरात काहीतरी मेलंय. चीक छान निघाला. नारळ सहा लागले. सव्वा तास ढवळलं आणि फोन आला म्हणून दोन मिनिटं, शपथ सांगते दोनच मिनिटं, थांबले तर खाली धरला. करपट भाग सोडून वरचा ओतला, सेट झाला पण चमच्याने खायचा झाला, वड्या नाहीत. सोसायटीतल्या त्या काकूंना वाटीत नेऊन दिला. त्यांनी चव घेतली, म्हणाल्या नारळ बरोबर आहे, आच जास्त झाली. मग आतून ओरडून काकांना बोलावलं. केळंवाले काका! पहिले, चुकलेले. त्यांनी वाटी हातात घेतली आणि विचारात पडले की चीक गव्हाचा म्हणजे मेझोनोत की खाली करपला म्हणून आणखी काही.

अश्दोदची_आत्या

मेझोनोत. त्यांना सांग आत्याने सांगितलंय, आणि पुढच्या वेळी फोन सायलेंटवर ठेव.

कोळीवाड्याचा_बाळ्या

आये म्हणाली मासे आमच्याकडूनच घेतले असतील. सांगितलं होतं ना.